जायबंदी सैनिकाची दुसरी लढाई

(‘द मेन’ या अमेरिकन चित्रपटावरील व्याख्यानाचा मजकूर)



युद्धावरचे चित्रपट पुष्कळ निघतात. शेवटची गोळी सुटली, ध्वज फडकला आणि बँड वाजू लागला की त्यांतले बहुतेक संपतात. १९५० साली अमेरिकेत निघालेला ‘द मेन’ हा चित्रपट मात्र पहिल्या काही मिनिटांतच युद्ध आटोपून टाकतो. एक तरुण लेफ्टनंट हाताने खुणा करीत आपली तुकडी सावधपणे पुढे नेत असतो. कोठून तरी एक गोळी येते आणि त्याच्या पाठीत घुसते. त्यानंतर पडद्यावर दिसते ती रुग्णालयातील अंधारी खोली आणि खाटेवर पडलेला तोच तरुण. कमरेखालच्या शरीराचे त्याला भानच उरलेले नाही. गोळी लागली तेव्हा आपण मरणार अशी त्याला भीती वाटली होती. आता जगावे लागणार याची त्याला भीती वाटते आहे.

युद्धाचे खरे मोल येथून पुढे मोजले जाते, आणि ते मोजण्याचे काम या चित्रपटाने मनःपूर्वक केले आहे. तथापि ते त्याने पुरतेपणी केले आहे काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. चांगल्या कलाकृतीची थोरवी आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी समजून घेणे, हेच तिला दिलेले खरे दाद देणे होय.

चित्रपट आणि त्याचे कर्ते

‘द मेन’चे निर्माते स्टॅन्ली क्रेमर, पटकथाकार कार्ल फोरमन आणि दिग्दर्शक फ्रेड झिनेमान. झिनेमान हे मूळचे मध्य युरोपातील ज्यू कुटुंबातले. त्यांचे आईवडील नाझींनी चालविलेल्या वंशसंहारात मारले गेले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीतील निराधार मुलांवर त्यांनी १९४८ साली ‘द सर्च’ हा चित्रपट केला होता. युद्धाचा हिशेब तोफा थंडावल्यानंतर मांडायचा असतो, ही जाणीव त्यांच्याकडे ‘द मेन’च्या आधीपासूनच होती. नायकाची भूमिका करणारा मार्लन ब्रँडो तोपर्यंत केवळ रंगभूमीवर गाजलेला होता. चित्रपटात तो प्रथमच उतरत होता.

कॅलिफोर्नियातील व्हॅन नाईस येथे माजी सैनिकांसाठी बर्मिंगहॅम नावाचे सरकारी रुग्णालय होते. पाठीच्या कण्याला इजा झाल्याने लुळे पडलेल्या सैनिकांचा मोठा विभाग तेथे होता. चित्रपटाची कथा या विभागात घडते आणि चित्रणही बरेचसे तेथेच झाले. पडद्यावर दिसणाऱ्या रुग्णांपैकी चाळीसहून अधिक जण तेथलेच खरेखुरे रुग्ण आहेत. एंजल या तरुणाची महत्त्वाची भूमिका करणारा आर्थर जुराडो हाही प्रत्यक्षात अधरांगवाताने जखडलेला होता. ब्रँडोने चित्रणापूर्वी सुमारे महिनाभर या वॉर्डात मुक्काम केला. तो चाकाच्या खुर्चीत बसूनच वावरला आणि रुग्णांबरोबरच जेवला, खेळला. धडधाकट माणसाने लुळेपणाची नक्कल करावी, एवढ्यावर त्याचा अभिनय थांबत नाही, त्याचे कारण हे आहे. खाटेवरून खुर्चीत येताना हातांवर पडणारा भार आणि पायांना परक्या वस्तूसारखे उचलून ठेवण्याची सवय या गोष्टी तो त्या माणसांकडून शिकला.

जी माणसे पूर्वी जगत नसत

चित्रपटाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एक गोष्ट माहीत असली पाहिजे. पहिल्या महायुद्धात ज्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली, त्यांतील बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत वा महिन्यांत मृत्युमुखी पडले. त्यांचा जीव कण्यातील जखमेने जात नसे. हलता न आल्यामुळे पाठीला व कमरेला पडणारी शय्याव्रणे चिघळत, मूत्राशयाचे नियंत्रण गेल्याने जंतुसंसर्ग होई आणि तो मूत्रपिंडांपर्यंत पोचे. अशा रुग्णावर फार श्रम घेण्यात अर्थ नाही, असेच त्या काळचे वैद्यकीय मत होते.

दुसऱ्या महायुद्धात हे चित्र पालटले. सल्फा औषधे व पेनिसिलिन आली. रक्त देण्याची सोय आघाडीपर्यंत पोचली. ठरावीक तासांनी रुग्णाची कूस पालटणे, मूत्राशयाची शिस्तशीर निगा राखणे, दंडांचे व खांद्यांचे स्नायू बळकट करणे अशी दररोजची, कंटाळवाणी वाटणारी शुश्रूषा हे आता एक शास्त्र झाले. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे नाझी जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली असाच विभाग उघडला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच, त्यांनी आपल्या सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचा उगम तेथे आहे. अमेरिकेत बर्मिंगहॅम रुग्णालयात हेच काम मूळचे प्रागचे असलेले डॉ. एर्न्स्ट बोर्स करीत होते. चित्रपटातील डॉ. ब्रॉक हे पात्र त्यांच्यावरूनच बेतलेले आहे.

अशा रीतीने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुमारे अडीच हजार अशी तरुण माणसे होती की, त्यांच्या वडिलांच्या पिढीत त्यांचे असणेच शक्य नव्हते. त्यांच्यापुढे वागण्याचा कोणताही नमुना नव्हता. त्यांच्या बायकांपुढे, मालकांपुढे, शेजाऱ्यांपुढेही नव्हता. विज्ञानाने त्यांना आयुष्य दिले होते. ते जगायचे कसे, हे समाजाने अजून ठरविलेले नव्हते.

वॉर्डातील माणसे

चित्रपटाच्या आरंभीच एक असामान्य प्रसंग आहे. डॉ. ब्रॉक रुग्णांच्या बायकांना, आयांना आणि वाग्दत्त वधूंना रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात एकत्र बोलावतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. माझा मुलगा पुन्हा चालेल का? नाही, चालणे हा शब्दच आता विसरावा लागेल. मलमूत्राचे काय? आम्हाला मुले होतील का? त्या काळच्या हॉलिवुडमध्ये जे विषय तोंडातून काढण्याची चोरी होती, ते येथे भर सभेत, स्वच्छ भाषेत बोलले जातात. डॉक्टर खोटी आशा दाखवीत नाहीत, आणि माहिती दडवून दयाही दाखवीत नाहीत. माणसाला सत्य सांगणे हा त्याचा सन्मान आहे, अशी त्यांची धारणा आहे.

नायक बड हा प्रारंभी कोणाशीच बोलत नाही. त्याची वाग्दत्त वधू एलन भेटायला येते तेव्हा तो तोंड फिरवतो. डॉक्टर त्याला एकांताच्या खोलीतून काढून सामाईक वॉर्डात टाकतात. तेथे तिरकस जिभेचा, शिकलेला नॉर्म आहे. पैजा लावणारा, सदा थट्टेखोर लिओ आहे. आणि एंजल आहे. एंजलला आपल्या आईसाठी आणि भावंडांसाठी घर घ्यायचे आहे, म्हणून तो दिवसभर घाम गाळून हात बळकट करीत असतो. ही माणसे एकमेकांची कीव करीत नाहीत. तेथे कोणी रडू लागला तर बाकीचे त्याची टर उडवतात आणि त्या टवाळीतूनच त्याला उठवून बसवतात. एंजलचा व्यायाम पाहून बडही दोर धरतो. पुढे एंजलच अचानक आजारी पडून मरतो. जो सर्वांत अधिक झटत होता, तोच जातो. झटले म्हणजे फळ मिळतेच, असा सोपा उपदेश चित्रपट करीत नाही, ही त्याची प्रामाणिकता नोंदण्याजोगी आहे.

एलन माघार घेत नाही. आईवडिलांचा विरोध पत्करून ती लग्न करते. उभे राहूनच लग्न लागले पाहिजे असा बडचा हट्ट असतो. तो उभा राहतो आणि ऐन विधीत त्याचा तोल जातो. लग्नाच्या पहिल्या रात्री नव्या घरात त्याचा पाय आपोआप थरथरू लागतो. मज्जारज्जू तुटलेल्या शरीरात असे झटके येतात, त्यावर मनाचा ताबा नसतो. एलनच्या नजरेतील धसका तो वाचतो, शब्दाने शब्द वाढतो आणि तो आपला वॉर्ड गाठतो.

एलनविषयी येथे थोडे थांबून बोलले पाहिजे. चित्रपट पाहणारे बहुधा बडच्याच बाजूने पाहतात. परंतु सैनिकाच्या जखमेची दररोजची निगा, न संपणारी आणि बिनपगारी, ही अखेर कोणाच्या वाट्याला येते? डॉ. ब्रॉक यांच्या सभेत बसलेल्या त्या बायका युद्धखात्याच्या कोणत्याही पटावर नाहीत, तरीही त्या जन्मभराच्या कामावर रुजू झाल्या आहेत. चित्रपट एलनला देवी करीत नाही. तो तिला घाबरू देतो, चुकू देतो, पश्चात्ताप करू देतो. त्याग हा स्त्रीचा स्वभावच आहे असे मानणाऱ्या शेकडो चित्रपटांपेक्षा या एका घाबरलेल्या नजरेत अधिक सत्य आहे.

समितीचा निर्णय

वॉर्डात परतलेला बड बिघडत जातो. दारूच्या गुत्त्यात गोडगोड सहानुभूती दाखवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तो ठोसा मारतो. पुढे दारूच्या अमलाखाली गाडी चालवून अपघात करतो. आणि मग येतो तो प्रसंग, ज्यावर पक्षकार्यकर्त्यांनी विशेष विचार करावा. बडच्या वर्तनाचा निवाडा डॉक्टर करीत नाहीत. सरकारी अधिकारीही करीत नाहीत. लुळ्या झालेल्या माजी सैनिकांची स्वतःची संघटना आहे, तिची समिती बसते. नॉर्म हा तिचा अध्यक्ष. समिती त्याचे म्हणणे ऐकते, मत घेते आणि ठरवते की बडला रुग्णालयातून रजा द्यावी. बड डॉक्टरांकडे धाव घेतो. पण डॉक्टर समितीचा निर्णय फिरवत नाहीत.

वरवर पाहता ही शिक्षा आहे. वस्तुतः रुग्णालय हे बडचे लपण्याचे ठिकाण झाले आहे, हे त्याच्या सोबत्यांनी ओळखलेले असते. ज्यांना स्वतः त्याच खाटांवर रात्री काढाव्या लागल्या, त्यांनाच हे सांगण्याचा अधिकार होता. बाहेरच्या कोणी हेच सांगितले असते तर तो क्रूरपणा ठरला असता. अपंगांविषयीचे निर्णय अपंगांनी स्वतः, संघटित होऊन घ्यावेत, हा विचार पुढे कित्येक वर्षांनी अपंगांच्या चळवळीचा पाया झाला. १९५० सालच्या या चित्रपटात तो एका साध्या बैठकीच्या रूपाने आलेला आहे.

आणि नेमकी येथेच चित्रपटाची मर्यादाही दिसते.

चित्रपटाने जे सांगितले नाही

ही संघटना काल्पनिक नव्हती. ‘पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही राष्ट्रीय संघटना १९४७ साली स्थापन झाली. निरनिराळ्या रुग्णालयांतील वॉर्डांत सुरू झालेली मंडळे एकत्र येऊन ती उभी राहिली होती. या माणसांनी केवळ आपल्या सभासदांना शिस्त लावली नाही. त्यांनी सरकारशी झगडा केला. चाकाची खुर्ची ज्या दारातून आत जात नाही, त्या घरात परतून करायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९४८ साली अमेरिकन संसदेला त्यासाठी कायदा करावा लागला. रुंद दारे, पायऱ्यांऐवजी उतार, खुर्ची वळू शकेल असे न्हाणीघर अशा सोयींचे घर बांधण्यासाठी निम्मा खर्च, कमाल दहा हजार डॉलर्सपर्यंत, सरकारने देण्याचे त्या कायद्याने ठरले. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान रक्कम नव्हती. ती कोणाच्या दयेने मिळालेली नव्हती. ती मागून, भांडून घेतलेली होती.

चित्रपटात संघटना आहे, पण ही लढाई नाही. चित्रपटातील समिती फक्त आपल्याच सभासदाचा निवाडा करते. सरकारपुढे मागणी मांडताना ती एकदाही दिसत नाही. बडचा शत्रू बडचे मन. बडचा विजय म्हणजे त्याने मनाशी केलेला समझोता. त्याला कोणी, कशासाठी लढायला पाठविले, त्याच्या निवृत्तिवेतनाचे काय, त्याला काम कोण देणार, हे प्रश्न पडद्याच्या चौकटीबाहेरच राहतात. त्याच देशात बांधकामाच्या परातीवरून पडून किंवा कोळशाच्या खाणीत दरड कोसळून ज्यांचा कणा मोडला, त्या मजुरांसाठी असा कायदा नव्हता. गणवेशात जखमी झालेल्याला निदान ऋणाईत राष्ट्र होते. कारखान्यात जखमी झालेल्याला फक्त मालक होता.

हे कार्ल फोरमन यांना समजत नव्हते, असे मुळीच नाही. उलट, ते त्यांना इतरांहून अधिक समजत असावे. एकेकाळी ते अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि पुढे पक्षातून बाहेर पडले होते. परंतु ‘द मेन’ची निर्मिती होत होती तो काळ कसा होता, हे विसरता येत नाही. १९४७ साली हॉलिवुडच्या दहा जणांनी चौकशी समितीपुढे उत्तरे नाकारली. त्यांना तुरुंगात पाठविण्यात आले. स्टुडिओंच्या दारावर काळी यादी लटकत होती. अशा हवेत शीतयुद्धाच्या मुख्य प्रवाहाविरुद्ध एक शब्दही न लिहिता, केवळ जखमी सैनिकाचे खरे शरीर पडद्यावर दाखविणे, हेही धाडसाचे काम होते.

कोरिया आणि काळी यादी

चित्रपट जुलै १९५० मध्ये प्रदर्शित झाला. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले होते आणि अमेरिकन सैन्य त्यात उतरले होते. देशात पुन्हा तरुणांची भरती चालू असताना, भरती होणाऱ्यांच्या आईबापांनी हा चित्रपट कोणत्या मनाने पाहावा? समीक्षकांनी वाखाणलेला हा चित्रपट व्यवसायात आपटला, आणि त्याचे मुख्य कारण हेच सांगितले जाते. पुढे तो पुन्हा वितरित झाला तेव्हा त्याचे नावच बदलून ‘बॅटल स्ट्राइप’ असे लढाऊ करण्यात आले. लढाई संपल्यावरच्या माणसांची कथा विकण्यासाठी तिला लढाईचेच लेबल लावावे लागले! बर्मिंगहॅम रुग्णालयही १९५० सालीच बंद झाले आणि तेथील रुग्णांना लाँग बीच येथे हलविण्यात आले.

फोरमन यांना ‘द मेन’च्या पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. परंतु १९५१ साली ‘हाय नून’ या चित्रपटाचे काम चालू असतानाच त्यांना अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे हजर राहण्याचा हुकूम आला. त्यांनी इतरांची नावे सांगितली नाहीत. क्रेमर यांच्याशी असलेली भागीदारी तुटली, काळ्या यादीने काम बंद केले आणि ते इंग्लंडला निघून गेले. पुढे त्यांनी व मायकेल विल्सन यांनी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा लिहिली, परंतु दोघेही काळ्या यादीत असल्याने पडद्यावर त्यांचे नाव आले नाही आणि ऑस्कर मूळ कादंबरीकाराच्या नावे गेले. १९८४ साली त्या दोघांचे श्रेय अकादमीने मान्य केले. विल्सन १९७८ मध्येच वारले होते, फोरमनही त्याच १९८४ साली वारले. पुतळे त्यांच्या पत्नींच्या हाती पडले. ‘द मेन’मध्ये एलनच्या आईची भूमिका करणाऱ्या डोरोथी ट्री यांची चित्रपटातील कारकीर्दही काळ्या यादीनेच संपविली.

कॉम्रेड्स, ज्या राज्यव्यवस्थेने बडला गोळीपुढे उभे केले, तिनेच बडची कथा लिहिणाऱ्याला देशाबाहेर काढले. हा योगायोग समजण्याचे कारण नाही. युद्धाची तयारी करणाऱ्यांना जखमी सैनिक मिरवणुकीत हवा असतो, पडद्यावर नको असतो.

शेवटच्या पायऱ्या

चित्रपटाचा शेवट प्रसिद्ध आहे. बड गाडी चालवीत एलनच्या आईवडिलांच्या घरी येतो. फाटकापासून घरापर्यंत खुर्ची ढकलीत येतो. पुढे पायऱ्या आहेत. एलन बाहेर येते आणि विचारते: पायऱ्या चढायला मदत हवी का? आणि ज्याने आजवर प्रत्येक मदतीचा हात झिडकारला, तो विनंतीच्या एका शब्दाने होकार देतो.

या शेवटावर दोन प्रकारची मते संभवतात. काही म्हणतील, बंडखोर माणसाला अखेर नमवून घरात बसविले. ते खरे नाही. एलन त्याला उचलून नेत नाही, ती विचारते. तो लाचारीने हात पसरत नाही, तो मागतो. मदत लादणे आणि मदत विचारून करणे यांत जो फरक आहे, तो ज्याला कळला त्याला अपंग सोबत्याशी कसे वागावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. जिल्हा कचेरी दुसऱ्या मजल्यावर असेल, तर बैठक तळमजल्यावर घेतली पाहिजे. आणि कोठे सोयीचे पडेल हे त्या कॉम्रेडलाच विचारले पाहिजे. एवढे साधे ते आहे.

परंतु पायऱ्या तेथे आहेतच. पडद्यावर अंधार होतो तेव्हाही त्या तेथेच असतात. एलनच्या प्रेमाने बड त्या एकदा चढेल. दररोज, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक टपाल कार्यालयात, प्रत्येक कारखान्याच्या दाराशी कोण त्याला चढवणार? त्यासाठी पायऱ्याच पाडाव्या लागतात, आणि ते काम एकट्या जोडप्याचे नव्हे.

ते काम पुढच्या पिढीने हाती घेतले. व्हिएतनाममध्ये १९६८ साली कण्यात गोळी लागून लुळे पडलेले रॉन कोव्हिक यांनी बडचे सगळे दुःख भोगले. पण ते घराच्या पायऱ्यांशी थांबले नाहीत. १९७२ साली मायामीत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात, अध्यक्ष निक्सन यांच्या भाषणाच्या वेळी, ते आणि त्यांचे सोबती चाकाच्या खुर्च्यांतून सभागृहात शिरले व त्यांनी युद्ध थांबविण्याची घोषणा दिली. ‘आम्हाला तेथे कोणी पाठविले?’ हा बडच्या ओठांवर न आलेला प्रश्न त्यांनी सत्तेच्या तोंडावर विचारला.

दुसरी घटना १९७७ च्या एप्रिलमधली. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगांविषयी भेदभाव करता येणार नाही, असे कलम अमेरिकन संसदेने १९७३ मध्ये मंजूर केले होते. परंतु त्याचे नियम चार वर्षे फायलीत पडून राहिले. सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्र सरकारच्या कचेरीत सुमारे दीडशे अपंग स्त्री-पुरुष शिरले आणि त्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. ज्यांना कूस पालटायलाही दुसऱ्याचा हात लागतो, अशी माणसे तेथे जमिनीवर झोपली. काळ्या लोकांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाने त्यांना रोज शिजवलेले अन्न पोचविले. यंत्रकामगारांच्या युनियनने वॉशिंग्टनला गेलेल्या त्यांच्या प्रतिनिधींची सोय केली. २८ एप्रिल रोजी मंत्र्यांना नियमांवर सही करावी लागली. १९९० च्या व्यापक कायद्याची पायाभरणी तेथे झाली. ‘द मेन’मधील वॉर्डाची समिती अखेर रस्त्यावर आली, ती अशी.

आपल्या देशातील हिशेब

हा हिशेब आपल्या देशालाही चुकलेला नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी लढून अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीस गेली. त्याच खडकीत १९७४ पासून कमरेखाली वा मानेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र चालू आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागून जायबंदी झाले, एक गोळी कण्यात रुतून राहिली. ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ साली, सेहेचाळीस वर्षांनी. त्यांच्यावर २०२४ मध्ये हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कोठे महाराष्ट्रातील अनेकांना त्यांचे नाव कळले.

याहून तीव्र प्रश्न त्यांचा आहे, ज्यांना रणांगणही दिसले नाही. लष्करी प्रबोधिन्यांत प्रशिक्षण घेताना अपंग होऊन बाहेर पडावे लागलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण अधिकारपद मिळण्यापूर्वीच त्यांना दुखापत झालेली असते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. व्याख्येच्या एका ओळीवरून माणसाचे आयुष्य दाराबाहेर राहते, ते असे.

आणि सैनिक तरी कोण असतो? बहुतांशी तो शेतकऱ्याचा, शेतमजुराचा, कारखान्यातील कामगाराचा मुलगा असतो. त्याचाच भाऊ शहरात इमारतीच्या परातीवर उभा असतो. एकाचा कणा गोळीने मोडतो, दुसऱ्याचा पडून मोडतो; मज्जारज्जूला या दोन कारणांतला फरक कळत नाही. शय्याव्रणे तीच, घरातील पायऱ्या त्याच, रात्री दोनदा उठून कूस पालटणारी बायको किंवा आई तीच. कामगारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ साली आला; परंतु ज्याचे नावच ठेकेदाराच्या हजेरीपटावर नव्हते, त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करा, असे सांगतो. तालुक्याच्या कचेरीत, रेशनच्या दुकानाशी, दवाखान्याच्या दाराशी उभे राहून तो किती अमलात आला आहे हे पाहणे, हे आपल्या प्रत्येक शाखेला करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही.

‘द मेन’ पाहताना म्हणून बडच्या दुःखाने गहिवरून येणे पुरेसे नाही, गहिवर ओसरतो. या चित्रपटातून उचलायच्या दोन गोष्टी आहेत. डॉ. ब्रॉक यांच्यासारखे खरे बोलावे, आणि नॉर्मच्या समितीसारखे ज्यांचा प्रश्न त्यांच्याच हाती निर्णय द्यावा. तिसरी गोष्ट चित्रपटाने अर्ध्यावर सोडली. एलनने विचारले तो प्रश्न पायऱ्या चढण्याविषयीचा होता. त्या पाडण्याचा प्रश्न संघटनेने विचारायचा असतो.